कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

प्रतिवर्षी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. मुलाने आता पुढे काय करावे? ज्याला गुण चांगले मिळाले त्याची वाट सरळ दिसते. ज्याला बेताचे मिळाले त्याच्याविषयी चिंता सुरू होते. आणि एखाद्याचे लक्ष पुस्तकापेक्षा यंत्राच्या चाकाकडे अधिक असले, तर तो वाया गेला असे शेजारीपाजारीही ठरवून मोकळे होतात. खुर्चीवर बसणे हा मानाचा मार्ग आणि हातात हातोडा किंवा कानस घेणे हा नाइलाजाचा, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. प्रभु येशू सुताराच्या घरी वाढला आणि प्रेषित पौल तंबू तयार करून पोट भरीत असे, हे आपण उपासनेच्या वेळी आदराने ऐकतो. परंतु मुलाचा व्यवसाय ठरविताना त्याचा आपणांस विसर पडतो. या समजुतीमुळे एकेका घराची हानी होते ती होतेच, पण सबंध जिल्ह्याची किती होते याचा विचार क्वचितच केला जातो. तो विचार व्हावा या हेतूने, ज्यांचे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यास अपरिचित नाही अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताच्या चिंतनात रमलेले गृहस्थ होते. अशा घरातील मुलाने विद्याव्यासंग करावा, निदान एखादी प्रतिष्ठित नोकरी धरावी, अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच होते. परंतु लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या अभ्यासात रमेना. त्यांना दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रे काढण्याचे, व दुसरे यंत्रे उलगडून पाहण्याचे. वडिलांना हा छंद रुचण्यासारखा नव्हता. तथापि वडीलबंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला व त्यास आर्थिक साह्य देऊ केले. त्या आधारावर १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

दोन वर्षे झाली आणि एक विलक्षण अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद दिसत नाही, त्यांच्या दृष्टीत जन्मतःच हे वैगुण्य आहे, असे आढळून आले. ज्याने चित्रकार होण्यासाठी घर सोडले त्यास रंगच नीट ओळखू येऊ नयेत, यापेक्षा मोठी निराशा ती कोणती? दुसरा एखादा तरुण दैवाला बोल लावीत गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्याजवळ काय नाही याचा शोक न करता काय उरले आहे ते पाहिले. रंग गेले तरी रेषा शाबूत होती. यंत्राच्या आराखड्यास रंग लागत नाहीत. तेथे मोजमाप अचूक हवे, रेषा नेमकी हवी, आणि वस्तू मधोमध कापली असता आतून कशी दिसेल हे डोळ्यांपुढे उभे करण्याची शक्ती हवी. या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. त्यांनी चित्रकला सोडून यंत्ररेखन आत्मसात केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. पगार दरमहा ४५ रुपये.

ही संस्था १८८७ साली स्थापन झालेली, म्हणजे त्या काळी अगदी नवी होती. तेथील कर्मशाळेत निरनिराळी यंत्रे होती. वर्गातील काम आटोपले म्हणजे लक्ष्मणराव त्या यंत्रांचा अभ्यास करीत. जे कागदावर काढावयाचे ते लोखंडात उतरताना कोठे अडते, हे त्यांनी प्रत्यक्ष कामातून जाणून घेतले. विद्यार्थिमित्रांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लक्ष्मणरावांनी शाळेचा ठरावीक मार्ग सोडला, परंतु शिकणे सोडले नाही. यंत्राच्या मागे लागलेल्या मुलास गणित व रेखन यांतून सुटका मिळते, असे जर कोणास वाटत असेल तर तो मोठा भ्रम होय. उलट त्याला हे विषय इतरांहून अधिक पक्के यावे लागतात. कारण कारकुनाची चूक खोडता येते, पण चुकीच्या मापाने कापलेले लोखंड पुन्हा जोडता येत नाही.

याच सुमारास सायकल हे वाहन आपल्या देशात नवे येत होते. लक्ष्मणराव मुंबईस सायकली खरेदी करून बेळगावास धाडीत, व तेथे रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालविण्यास शिकवीत. १८८८ साली या दोघा भावांनी बेळगावात हे दुकान घातले. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचा आरंभ तो हा. विकणारा स्वतः शिकवितोही, ही रीत त्या घराण्यात दुकानापासूनच आली असे दिसते. पुढे संस्थेत बढतीची पाळी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. हा अपमान गिळून पेन्शनाची वाट पाहणे त्यांना रुचले नाही. १८९७ च्या सुमारास राजीनामा देऊन ते बेळगावास परत आले.

बेळगावात त्यांनी लहानशी कर्मशाळा काढली. कोणती वस्तू तयार करावी हे ठरविताना त्यांनी विलायती मालाच्या यादीकडे न पाहता सभोवतालच्या शेताकडे पाहिले, यातच त्यांच्या यशाचे मर्म आहे. जनावरांपुढे अखंड कडबा टाकला तर ती पाने खातात व ताटांचा टणक भाग तुडवून टाकतात. दुष्काळाच्या दिवसांत ही नासाडी शेतकऱ्यास परवडत नाही. हे पाहून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

आपल्या भागातील मुलांना वखर, डवरा व तिफण ही अवजारे घरचीच आहेत. जुना लाकडी नांगर जमिनीत चीर पाडतो व माती ढवळतो, पण ती उलथून टाकीत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे एक वळणदार पंख असतो; त्यावरून माती चढते आणि पालथी होऊन पडते. त्यामुळे खालची माती वर येते आणि हरळी व कुंदा यांच्यासारख्या चिवट तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. काळ्या जमिनीत कुंदा माजला म्हणजे काय हाल होतात, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

अशी उपयोगी वस्तू तयार होऊनही ती खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! एवढा काळ तयार माल डोळ्यांपुढे पडून राहणे म्हणजे कारखानदाराची खरी सत्त्वपरीक्षाच. या शेतकऱ्यांस अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. शेतकऱ्याने नवा प्रयोग केला आणि तो फसला तर त्याचे सबंध वर्ष बुडते. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो त्याच दिवशी नीट करून देई. लोखंडी नांगराचा भाग तुटला तर तो आणावा कोठून, ही शंकाही रास्तच होती. चांगली वस्तू करणे हा उद्योगाचा अर्धा भाग झाला. ती वस्तू वापरणाऱ्याच्या जवळ राहून त्याचा विश्वास संपादन करणे हा दुसरा अर्धा भाग होय. परदेशी मालावर देशी माल मात करू शकतो तो याच ठिकाणी, केवळ स्वदेशीच्या घोषणेने नव्हे.

नांगर खपू लागले तोच दुसरे संकट आले. गावाच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कर्मशाळा हलविण्यास सांगितले. जमलेले बस्तान मोडावे लागणार अशी पाळी आली असता औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंध येथे लक्ष्मणरावांनी पूर्वी बांधकाम केले होते, त्यामुळे त्यांची सचोटी राजेसाहेबांच्या परिचयाची होती. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व भांडवलासाठी कर्जाऊ रक्कमही दिली. जमीन मात्र कशी? ओसाड, निवडुंगाने भरलेली, आणि सापांचा सुळसुळाट असलेली. १९१० च्या मार्च महिन्यात सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे दाखल झाले. राहावयास घरे नाहीत व प्यावयास पाण्याची सोय नाही, अशा स्थितीत निवडुंग तोडून त्यांनी वसविलेले गाव म्हणजेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. कारखान्याभोवती गाव वसल्याची हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

या गावात यंत्रांहून अधिक पाहण्यासारखी होती ती माणसे. शाळेत ज्यांचा टिकाव लागला नाही असे अनंतराव फळणीकर येथे येऊन कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी असे भिन्न स्वभावांचे व भिन्न गुणांचे सोबती लक्ष्मणरावांनी जमविले आणि ज्याला जे साधते ते त्याच्यावर सोपविले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी दूर लोटले नाही. अशांच्या हाती रात्रीचा पहारा देऊन त्यांनी त्यांची लाज राखली, आणि त्यांनीही विश्वासाचा भंग केला नाही. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. त्या काळी खेड्यापाड्यांत पाणवठे वेगळे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. ऐरणीपुढे आणि भट्टीपुढे माणसाची जात विचारली जात नाही, त्याचे काम पाहिले जाते. हे सत्य लक्ष्मणरावांनी सबंध गावाच्या रीतीत उतरविले. पवित्र शास्त्रात धन्याने चाकरांस सोपविलेल्या द्रव्याचा दाखला आहे. ज्यास जे मिळाले त्याने ते पुरून न ठेवता वाढवावे, असे त्याचे तात्पर्य. लक्ष्मणराव ख्रिस्ती नव्हते. परंतु दुसऱ्याच्या ठायी पुरून पडलेले द्रव्य उकरून वर काढण्याचे कार्य त्यांनी जन्मभर केले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशातून येणारा कच्चा माल दुर्मिळ झाला. ओतकामास लोखंड मिळेना. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी जुन्या निकामी तोफा दिल्या. त्या भट्टीत वितळवून त्यांचे नांगर ओतण्यात आले! शस्त्रे मोडून त्यांची शेतीची अवजारे होतील, असे भविष्य यशया संदेष्ट्याने शेकडो वर्षांपूर्वी वर्तविले होते. सर्व जग तोफा ओतण्यात गुंतले असता कृष्णाकाठच्या एका खेड्यात तोफांचे नांगर होत होते, ही घटना आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या पुस्तकातील लढायांच्या शेजारी नोंदून ठेवावी.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १९२० साली या धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले, व त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे विख्यात मासिक झाले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशा वस्तूंची भर पडत गेली. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परत आले. १९४१ साली हरिहर येथे लेथ इत्यादी यंत्रे, म्हणजे जी यंत्रे दुसरी यंत्रे घडवितात ती, तयार करण्याची कंपनी निघाली, आणि १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा असे दोन उद्योग स्थापन झाले. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. आयुष्याच्या संध्याकाळी आपल्या हातचे काम जळालेले पाहणे लक्ष्मणरावांच्या नशिबी आले. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता या चरित्रातून आपण काय घ्यावे? लक्ष्मणराव मोठे कारखानदार झाले, तसे तुम्हीही व्हा, असा उपदेश करणे सोपे आहे. पण शंभरांतून एकासही तो लागू पडणार नाही. आम्हांस त्यात निराळेच तत्त्व दिसते. लक्ष्मणरावांच्या हातून निघालेली एकही वस्तू अढळ राहिली नाही. सायकलीचे दुकान मागे पडले व कडबा कापण्याचे यंत्र आले. मग नांगर आला. नांगरामागून पंप आणि एंजिने आली. ज्या लोखंडी नांगराने गावच्या सुताराचे लाकडी नांगराचे काम कमी केले, त्याच लोखंडी नांगराला ट्रॅक्टरने बाजूस सारले. वस्तूंचे आयुष्य असेच मर्यादित असते. टिकले ते कसब. माप घेण्याचे, आराखडा काढण्याचे, धातू ओळखण्याचे आणि वापरणाऱ्याची गरज पाहण्याचे कसब एका वस्तूतून दुसरीत जात राहिले. म्हणून देशी उद्योगाचे भवितव्य काय, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर असे की, ते अमुक एका मालावर अवलंबून नाही. नवा माल घडवू शकणारे हात व डोळे आपण तयार करतो किंवा नाही, यावर ते अवलंबून आहे.

आपल्या जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या उत्तराची निकड ध्यानात येते. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. मूर्तिजापुराहून येथवर सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद लोहमार्गाची गाडी इंग्रजी अमदानीत घालण्यात आली ती मुख्यतः येथील कापूस बाहेर नेण्यासाठीच. ‘शकुंतला’ या नावाने प्रिय झालेली ती गाडी आता बंद पडली. पण कापसाच्या बाहेर जाण्याची रीत फारशी बदललेली नाही. वेचलेल्या कापसातून सुमारे एक तृतीयांश रुई व बाकीची बहुतेक सरकी निघते. जिनिंगमध्ये ती वेगळी होते, १७० किलोच्या गठाणी बांधल्या जातात, आणि बव्हंशी माल तेथूनच मार्गस्थ होतो. पुढे सूत काढणे, विणणे, रंगविणे, शिवणे यांतील मोबदला अन्यत्र राहतो, आणि तोच कापूस सदऱ्याच्या रूपाने कितीतरी पट किमतीस आपल्या बाजारात परत येतो. लोहारा येथे डेनिम कापडाचा कारखाना उभा राहिला, तसे उद्योग अद्याप हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. पाऊस हुकला किंवा भाव पडला की ज्या घरी कापसाखेरीज दुसरा आधार नाही ते घर कर्जात बुडते. गेल्या काही दशकांत या जिल्ह्यातील कितीतरी शेतकऱ्यांनी निराश होऊन आपला जीव घेतला, हे दुःख आपणां सर्वांच्या दारात घडलेले आहे. अशा घरातील दोन मुलांपैकी एक जरी कुशल कारागीर असेल, तर त्या घरास वाईट वर्षी उभे राहण्यास एक काठी मिळते. एवढ्याने सर्व संकट टळेल असा आमचा दावा नाही. परंतु काठी असणे व नसणे यांत केवढे अंतर आहे, हे पडलेल्यासच कळते.

कामे तर आजही आपल्या भोवती आहेत. विहिरीवरील मोटार जळाली म्हणजे तिचे वेटोळे नव्याने गुंडाळणारा हवा. जिनिंगची यंत्रे हंगामापूर्वी नीट करणारा हवा. सूर्याच्या उष्णतेवर नव्हे तर प्रकाशावर चालणारे पंप बसविणारा व समजून घेणारा हवा. ट्रॅक्टरची अवजारे आपल्या काळ्या जमिनीस जुळतील अशी घडविणारा हवा. हल्लीचे लेथ संगणकाच्या आज्ञेने चालतात आणि आराखडा पडद्यावर काढला जातो, हे खरे. पण ज्याला छेदचित्र वाचता येत नाही त्याला तो पडदाही मुकाच. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हे शिक्षण मिळते, आणि १९६१ च्या उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकण्याचीही सोय आहे. हे दार मुलांइतकेच मुलींनाही खुले आहे, हे पालकांनी विसरू नये.

पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने घरातील घड्याळ उघडले तर प्रथम रागावू नका. त्याला ते पुन्हा जोडावयास सांगा. त्याला ते जोडता आले, तर रामूअण्णांनी धाकट्या भावासाठी जे केले ते तुम्ही त्याच्यासाठी करा. काशिनाथपंतांप्रमाणे मनात शंका आली तरी ती स्वाभाविकच आहे. पण शंकेपायी दार लावून घेऊ नका. आणि विद्यार्थिमित्रहो, एखाद्या विषयात अपयश आले तर रंग न दिसणाऱ्या त्या तरुणाची आठवण ठेवा. रंग गेले तेव्हा त्याने उरलेली रेषा हाती धरली, आणि त्या रेषेवरून निवडुंगाच्या माळावर एक गाव उभे राहिले. देवाने तुमच्या हाती कोणती रेषा ठेवली आहे, ती शोधण्यास आजपासूनच लागा.